हौशी पूल लीगमधील अ, ब, क गट : खेळाडूचा गट कोणी आणि कशावरून ठरवावा?

वाळूज सेकंड शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी.

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि गेली तीन वर्षे शहरातील एका पूल पार्लरच्या हौशी लीगमध्ये एट-बॉल खेळत आहे. एट-बॉल म्हणजे टेबलावर क्यूने (काठीने) पांढरा बॉल मारून आपल्या वाट्याचे सात बॉल आणि शेवटी काळा पॉकेटमध्ये टाकायचा पूलचा खेळ; असा एक डाव म्हणजे एक फ्रेम. आमच्याकडे साधारण चोवीस खेळाडू असतात आणि कौशल्यानुसार त्यांचे आठ-आठ जणांचे अ, ब आणि क असे तीन गट पाडले जातात. सात आठवडे गटातल्या गटात साखळी सामने होतात, प्रत्येक सामना पाच फ्रेमच्या रेसचा असतो (आधी पाच फ्रेम जिंकेल तो विजयी), आणि पहिल्या चौघांची बाद फेरी होऊन तिन्ही गटांच्या विजेत्यांना सारख्याच रकमेचे बक्षीस मिळते. कोणाला कोणत्या गटात घ्यायचे हे पार्लरचे चालक आणि दोन जुने खेळाडू एकत्र बसून ठरवतात. त्यासाठी लेखी नोंद अशी काही नसते. मागच्या हंगामात कोण कुठपर्यंत पोहोचला ते आठवून यादी लावली जाते.

गटांच्या कल्पनेलाच माझा विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. गट नसते तर मी पहिल्याच हंगामात क्यू खाली ठेवला असता, कारण आठवडाभर शिफ्ट करून रात्री दहा वाजता पार्लरमध्ये यायचे आणि समोरच्याचा खेळ खुर्चीवर बसून बघून घरी जायचे, हे किती दिवस जमणार?

प्रश्न या हंगामातील क गटाच्या उपांत्य सामन्यामुळे उभा राहिला. माझ्यासमोरचा खेळाडू नवा होता; साखळीतील सातपैकी चार सामने गमावून तो जेमतेम चौथा आला होता. फ्रेमची बरोबरी दोन-दोन अशी होती. पाचव्या फ्रेममध्ये माझे दोन मोठे (९ ते १५ क्रमांकांपैकी) बॉल आणि काळा राहिला होता, त्याचे पाच लहान (१ ते ७ क्रमांकांपैकी) बॉल टेबलवर होते आणि त्यांपैकी एक वरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) अगदी चिकटून होता. आमच्या गटातील कोणीही असा बॉल शेवटपर्यंत ठेवतो आणि तिथेच अडकतो. त्याने क्यूच्या टोकाला सावकाश खडू लावला, पांढऱ्याला खालच्या अंगाला मारून समोरचा बॉल पॉट केला, आणि पांढरा मागे ओढून त्या चिकटलेल्या बॉलला इतका हलका धक्का दिला की तो कुशनपासून वीतभर मोकळा झाला. मग उरलेले चार आणि काळा त्याने एकाच पाळीत संपवले. शेजारच्या टेबलवरील एक काका क्यूवर हात टेकून बघत होते. ते एवढेच म्हणाले, “हे लेकरू क गटात खेळायलंय?”

सामना मी पाच-दोन असा हरलो आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पुढच्या हंगामाच्या यादीत मात्र सलग दोन वेळा उपांत्य फेरी गाठली म्हणून मला ब गटात चढवले गेले, आणि ज्याने मला हरवून पुढे क गट जिंकला त्या मुलाला “अजून नवीन आहे, एक हंगाम बघू” असे म्हणून तिथेच ठेवले गेले. मी चालकांना विचारले, तेव्हा “आम्हाला नजरेने कळते” असे उत्तर मिळाले.

ज्यांनी लीग चालवली आहे किंवा अनेक ठिकाणी खेळले आहे त्यांना माझे विचारणे असे आहे, की कौशल्यानुसार गट पाडणे मुळात न्याय्य ठरू शकते का, आणि ठरत असेल तर नजरेऐवजी कशाचा आधार घ्यावा? गट काढून टाकून सरळ हँडिकॅप (दुबळ्या खेळाडूला काही फ्रेमची सूट) द्यावा, असेही काही जण सुचवतात. त्याबद्दलही आपला अनुभव वाचायला आवडेल.

गोदाकाठ (नांदेड)

दादा, आपण अतिशय नेमका प्रश्न मांडला आहे. मी खेळाडू म्हणून सामान्यच आहे, परंतु आमच्याकडील लीगचे गुणपत्रक लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे असल्यामुळे टेबलाच्या कडेला बसून शेकडो सामने पाहिले आहेत, आणि त्या अनुभवावरून लिहितो.

तुमचा प्रतिस्पर्धी साखळीत चार सामने कसा हरला, हे कोणी पाहिले होते का? हार-जीत लिहून ठेवल्याने पातळी कळत नाही, कारण हरणे कोणाच्याही हातात असते. प्रामाणिकपणे फटका चुकला, तर नवशिक्याचा पांढरा बॉल भरकटतो आणि बहुतेक वेळा समोरच्याला सोपा फटका मिळतो. जो जाणूनबुजून चुकवतो त्याचा बॉल पॉकेटच्या कोपऱ्यावर आदळून बाहेर येतो खरा, पण पांढरा मात्र तुमच्या बॉलच्या मागे जाऊन व्यवस्थित लपतो. एकदा असे घडले तर तो योगायोग मानावा. एका सामन्यात पाच-सहा वेळा घडले, तर त्या खेळाडूला पांढरा हवा तिथे थांबवता येतो हे उघड आहे, आणि ज्याला ते जमते तो क गटाचा नव्हे.

अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन या हौशी लीगने नेमक्या याच कारणासाठी गुणपत्रकात दोन गोष्टी लिहायला लावल्या आहेत. एक म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती पाळ्या लागल्या, आणि दुसरी म्हणजे त्यांपैकी किती फटके बॉल पॉट करण्याच्या हेतूने मारलेच नव्हते. असे बचावाचे फटके वेगळे मोजले की पाळ्या लांबवून स्वतःला कच्चे दाखवण्याची वाट बरीचशी बंद होते. तिथे एट-बॉलमध्ये खेळाडूंना २ ते ७ अशी पातळी दिली जाते, आणि सातव्या पातळीचा खेळाडू दुसऱ्या पातळीच्या खेळाडूसमोर उभा राहिला तर पहिल्याने ७ फ्रेम जिंकायच्या आणि दुसऱ्याने केवळ २, असा सामना लावला जातो.

नजरेने पारखण्याची रीत मला मुळातच वाईट वाटत नाही, कारण आपल्या भागात ती शतकानुशतके चालत आली आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मी लहानपणापासून कुस्त्या पाहिल्या आहेत. जोड लावताना पंच दोन्ही पैलवानांना शेजारी-शेजारी उभे करतात, मान आणि खांदे पाहतात, तालीम कोणती, मागे कोणाशी धरला होतास, हे विचारतात, आणि मग दोघांचे हात वर धरून जोड जाहीर करतात. तिथे वजनकाटा नसतो, तरी जोड सहसा चुकत नाही. पण या रिवाजातील दोन गोष्टी आपल्या पार्लरांनी उचललेल्याच नाहीत. जोड भर फडात, हजारो लोकांसमोर लागते आणि कोणालाही “ही जोड बरोबर नाही” असे ओरडून सांगता येते. आणि पोराटोरांची कुस्ती नारळावर किंवा रेवड्यांवर सुटते, तर मोठे इनाम शेवटच्या मानाच्या कुस्तीला असते. त्यामुळे आपली ताकद लपवून खालच्या जोडीत शिरण्यात पैलवानाचा काही लाभच नसतो. उलट तो वरची जोड मागतो. तुमच्याकडे तिन्ही गटांना सारखे बक्षीस आहे असे आपण लिहिले आहे. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. क गट जिंकून अ गटाइतकेच पैसे मिळत असतील, तर वर चढावेसे कोणाला वाटेल?

आता गट की हँडिकॅप. पातळीतील फरकाचा सामन्यावर किती परिणाम होतो, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय त्यावर बोलणे व्यर्थ आहे. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या फार्गो शहरावरून नाव पडलेली फार्गोरेट ही खेळाडूंना गुण देणारी गणना पूलमध्ये अनेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यात १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू सरासरी तीनपैकी दोन फ्रेम जिंकतो, आणि २०० गुणांचा फरक म्हणजे पाचपैकी चार. ऐकायला हा फरक मोठा वाटत नाही. पण तीनपैकी दोन फ्रेम जिंकणारा खेळाडू पाच फ्रेमच्या रेसमध्ये शंभरपैकी सुमारे ८५ सामने जिंकतो, आणि पाचपैकी चार जिंकणारा सुमारे ९८. रेस तीन फ्रेमची केली तर पहिल्याचे ८५ हे प्रमाण ७९ पर्यंतच खाली येते, म्हणजे सामने लहान करून दुबळ्याला संधी मिळते हा समज फारसा खरा नाही. त्याच जोडीत वरच्याला पाच आणि खालच्याला तीन फ्रेम असा सामना लावला, तर वरचा शंभरपैकी ५७ जिंकतो. सहा विरुद्ध तीन लावला तर ४७. मी स्वतः पाच विरुद्ध तीन पसंत करतो, कारण सरावाने कमावलेल्या कौशल्याला थोडे झुकते माप राहिलेच पाहिजे.

गटांची अडचण सीमेवर जाणवते. क गटातील पहिला आणि ब गटातील शेवटचा यांच्या खेळात काडीचाही फरक नसतो, पण क गटातील पहिला आणि आठवा यांच्यात जमीन-अस्मानाचा असतो. शंभर-दीडशे खेळाडू असतील तर बारीक गट पाडून हा फरक कमी करता येतो. आपल्या गावांतून चोवीस खेळाडू जमवतानाच नाकी नऊ येतात. शिवाय तुमच्याकडे क गटाचा खेळाडू फक्त क गटाशीच खेळतो. मग तो ब गटाच्या किती जवळ आहे हे कोणत्याही गणिताला कळणार कसे? साखळीत निदान दोन आठवडे गटाबाहेरचे सामने ठेवल्याशिवाय तिन्ही गटांचे आकडे एका मापावर येणार नाहीत.

काळा कोपऱ्यात (लातूर)

गोदाकाठ सरांचे बक्षिसाबद्दलचे म्हणणे पूर्णपणे पटले. हँडिकॅपबद्दल मात्र मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण मी अ गटात खेळतो आणि हँडिकॅपचा भार माझ्यासारख्यांवर पडतो.

मी रोज दुकान बंद केल्यावर दीड तास एकटा सराव करतो. एकच फटका, पांढरा एकाच जागी थांबावा म्हणून, साठ-सत्तर वेळा मारतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, कपड्यावर धूळ बसते आणि टेबलाचा वेग रोज बदलतो, तेव्हाही हे सुटलेले नाही. इतके करून मी सामन्याला उभा राहतो आणि मला सांगितले जाते की तुम्हाला सात फ्रेम आणि समोरच्याला तीन. मी सहा जिंकल्या, त्याने तीन जिंकल्या, आणि गुणपत्रकावर विजेता म्हणून त्याचे नाव लागले, असे माझ्याबाबत दोनदा घडले आहे. त्या खेळाडूबद्दल माझ्या मनात काहीच अढी नाही. पण सहा फ्रेम जिंकणाऱ्याला हरलेला म्हणायचे हे मला मान्य करता येत नाही. गटात निदान दोघेही सारख्या अंतरावर धावतात, आणि जो अधिक फ्रेम जिंकतो तोच सामना जिंकतो.

संघांच्या लीगमध्ये तर आणखी एक गोष्ट होते. ज्या अमेरिकन लीगचा उल्लेख वर आला आहे, तिच्यात सामन्याला उतरणाऱ्या पाच खेळाडूंच्या पातळ्यांची बेरीज २३ पेक्षा जास्त चालत नाही. आमच्याकडे एका हंगामात हाच नियम लावून पाहिला. पाच मित्रांनी मिळून सराव केला, पाचही जण सुधारले, बेरीज २५ झाली, आणि एका चांगल्या मित्राला बाहेर बसवावे लागले. एकमेकांना शिकवल्याची ती शिक्षाच झाली. तेव्हा गट असावेत, ते कागदावरील नोंदीवरून ठरावेत आणि क गटाला रोख रकमेऐवजी पदक द्यावे, असे माझे मत आहे.

पूर्णाकाठची (परभणी)

वरील चर्चा पुरुष खेळाडूंची आहे म्हणून मी आधी लिहावे की नाही या विचारात होते, पण “नजरेने कळते” हे वाक्य वाचल्यावर राहवले नाही.

आमच्या गावातील पार्लरच्या लीगमध्ये मी एकटीच बाई आहे. माझा भाऊ आणि मी कॉलेजात असताना दुसऱ्या शहरात रोज खेळायचो; लग्नानंतर सहा-सात वर्षांचा खंड पडला आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. नाव नोंदवायला गेले, तेव्हा माझा एकही फटका न बघता मला क गटात घातले गेले. चांगल्या मनानेच घातले, कारण “ताईंना अवघड जायला नको” असे ते मला तोंडावर म्हणाले. मी काही बोलले नाही. आधी दोन फ्रेम खेळून बघा, एवढे म्हणायला हवे होते, हे आता वाटते. मी त्या हंगामात सातपैकी सात सामने जिंकले, आणि शेवटच्या आठवड्यात त्याच मंडळींनी मी खेळ लपवून खालच्या गटात शिरले असे बोलायला सुरुवात केली. ज्या गटात मी मागूनही गेले नव्हते, त्या गटात शिरल्याचा आरोप मला ऐकावा लागला. म्हणून दादांना विनंती आहे, की आपल्या सामन्यातील त्या नव्या मुलाबद्दलही थोडा विचार करावा. त्याने स्वतः क गट मागितला होता, की चालकांनी त्याला न बघताच तिथे टाकले होते? त्याने साखळीत मुद्दाम सामने सोडले असतील तर ते चूकच आहे, परंतु तो नव्या टेबलाला सरावलेला नव्हता आणि सात आठवड्यांत हात बसला, असेही असू शकते. माझ्या पहिल्या दोन सामन्यांत मी जिंकले तरी माझा हात इतका जड होता की सोपे बॉलसुद्धा सुटत होते.

दुसरी गोष्ट आकड्यांबद्दल. माझी मुलगी बुद्धिबळ खेळते, त्यामुळे मानांकनाच्या स्पर्धा मी जवळून पाहते. तिथे कोणाच्या नजरेचा प्रश्न नसतो. समजा १६०० च्या आतील गट असेल, तर मानांकन (खेळाच्या ताकदीचा आकडा) १६०० पेक्षा कमी असेल तरच प्रवेश मिळतो, नसेल तर नाही. इतके स्वच्छ असूनही अडचणी येतातच. १ मार्च २०२४ रोजी जागतिक बुद्धिबळ महासंघाने २००० च्या खालील सर्व मानांकने एकदाच वाढवली. २००० पर्यंत जेवढे अंतर होते त्याच्या ४० टक्के गुण प्रत्येकाला मिळाले. म्हणजे १४०० असलेले मूल रात्रीतून १६४० वर गेले. त्याचा खेळ होता तेवढाच होता, पण १६०० च्या आतील स्पर्धेचे दार त्याच्यासाठी बंद झाले. वाढ करण्यामागे महासंघाची कारणे योग्य असतील, तरी हे सांगण्याचे कारण असे, की रेष आणि आकडा यांतील एक हलवले तर दुसरे हलवावेच लागते, आणि हे भान चालवणाऱ्यांना नसेल तर कागदावरील नोंदही कोणावर तरी अन्याय करते. तरीही मला विचाराल तर मी कागदच निवडीन. कागदाला किमान विचारता येते की हा आकडा आला कुठून.

लातूरच्या दादांना एवढेच सांगायचे आहे, की तुमचा दीड तासाचा सराव मला समजतो. माझ्याकडे रात्रीचे जेवण उरकल्यावर आठवड्यातून दोन वेळा तासभर असतो. तुमच्याशी सरळ पाच फ्रेमचा सामना मी दहा वेळा खेळले तर दहा वेळा हरेन आणि अकराव्यांदा येणार नाही. मला दोन फ्रेमची सूट मिळाली तर मी प्रत्येक आठवड्याला येईन, आणि तुमच्याकडून शिकेन. सहा फ्रेम जिंकूनही हरल्याचे तुमचे दुःख खरे आहे. त्यावर उपाय म्हणून गुणपत्रकावर सामन्याच्या निकालाबरोबर जिंकलेल्या फ्रेमचीही बेरीज ठेवावी, आणि हंगामाच्या शेवटी सर्वाधिक फ्रेम जिंकणाऱ्याचा वेगळा मान करावा.

काळा कोपऱ्यात (लातूर)

ताई, फ्रेमच्या बेरजेची सूचना मला मनापासून आवडली. तसे असेल तर साखळीत सूट द्यायला माझी हरकत राहणार नाही. अ गटाची बाद फेरी मात्र सरळ असावी, एवढे माझे मागणे कायम आहे.

वाळूज सेकंड शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे लिहिणे वाचून मला थोडे थांबून विचार करावा लागला. त्या मुलाशी मी सामन्यानंतर बोललोच नव्हतो. काल पार्लरमध्ये भेटला तेव्हा बोललो. तो मूळचा जालन्याचा आहे, तिथे मोठ्या टेबलवर स्नूकर खेळायचा आणि पूलला नवाच होता. क गट त्याने मागितला नव्हता. साखळीतील दोन सामने त्याने मन लावून खेळले नाहीत हेही त्याने कबूल केले, कारण चौथा क्रमांक मिळणार हे त्याला कळले होते आणि बाद फेरीआधी आपला खेळ कोणी ओळखू नये असे वाटले होते. हे सांगताना तो ओशाळला होता. माझ्या मनातील रागापैकी अर्धा राग त्या वेळी गेला आणि अर्धा चालकांकडे वळला.

पुढच्या हंगामाच्या बैठकीत मी पुढीलप्रमाणे प्रस्ताव मांडणार आहे. गट तीनऐवजी दोनच ठेवावेत, साखळीतील दोन आठवडे गटाबाहेरचे सामने पाच विरुद्ध तीन अशी सूट देऊन व्हावेत, गुणपत्रकात पाळ्या आणि बचावाचे फटके लिहावेत, आणि बक्षिसाची रक्कम वरच्या गटाकडे वळवावी. चालकांना शेवटची गोष्ट आवडणार नाही, कारण क गटाच्या बक्षिसामुळेच नवे खेळाडू प्रवेश शुल्क भरतात असे त्यांचे म्हणणे असते. गोदाकाठ सरांना एक शेवटचा प्रश्न आहे. किती फ्रेमची नोंद झाली म्हणजे एखाद्याची पातळी पक्की मानावी, आणि हंगाम चालू असताना एखादा फारच पुढे गेला तर त्याला मध्येच वर हलवावे का?

गोदाकाठ (नांदेड)

फार्गोरेटमध्ये २०० फ्रेमची नोंद झाल्यावर आकडा स्थिर मानतात. तुमच्या सात सामन्यांत सरासरी पन्नास फ्रेम होतात असे धरले, तर त्याला चार हंगाम लागतील, आणि तेवढे थांबणे कोणालाच परवडणार नाही. म्हणून नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी दोन्ही गटांतील एकेका खेळाडूसमोर पाच-पाच फ्रेम खेळवाव्यात, सर्वांसमक्ष, आणि त्यावरून कच्चा आकडा लिहावा. त्याच्या नावापुढे पहिली पन्नास फ्रेम होईपर्यंत ‘तात्पुरता’ असा शेरा असावा आणि तोपर्यंत त्याला रोख बक्षीस घेता येऊ नये. परभणीच्या ताईंवर जी वेळ आली ती यामुळे टळली असती, आणि जालन्याच्या त्या मुलावरही आली नसती.

मधल्या काळात गट बदलू नये, कारण ज्यांच्याशी तो आधी खेळला आणि ज्यांच्याशी पुढे खेळणार, त्या सर्वांचेच निकाल त्यामुळे बिघडतात. साखळीत सूट असेल तर ती दर दोन आठवड्यांनी बदलता येते. सहाव्या आठवड्यानंतर मात्र आकडे गोठवावेत आणि ते कागदावर लिहून टेबलाशेजारच्या भिंतीवर लावावेत. नोंद लिहिणारा त्या सामन्यातील खेळाडू नसावा. आमच्याकडे पुढच्या सामन्याची जोडी आधीच्या सामन्याची नोंद लिहिते, त्यामुळे माणूसही मिळतो आणि तो लक्ष देऊन बघतोही. आमच्या गुणपत्रकाचा कोरा नमुना मी उद्या ड्यूटीवरून आल्यावर फोटो काढून इथे टाकतो. त्यात बचावाच्या फटक्यांचा रकाना उजव्या हाताला, फ्रेमच्या निकालाच्या अगदी शेजारी ठेवला आहे. तो दूर ठेवला होता तेव्हा निम्मे लोक भरायचे विसरत असत.